शिबिराआधी पडताळणी, शिबिरात १०९८: तीन सरकारी सेवांचं परीक्षण

पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र फायलीला लावलं की मुलांच्या सुरक्षिततेचा विषय संपला, असा समज ट्रेकिंग ग्रुपपासून ढोल-ताशा पथकांपर्यंत सगळीकडे आहे. प्रमाणपत्र काढायलाच हवं. पण बिनपगारी ताई-दादांच्या जिवावर मुलांची शिबिरं, मोहिमा, वर्ग चालवणाऱ्या गटांच्या हाताशी ज्या तीन सरकारी सेवा आहेत, त्यांतली ही एक. तिच्यावर सगळ्यांत जास्त भिस्त ठेवली जाते, आणि त्या मानाने तिच्याकडून मिळतं थोडंच. पडताळणी, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि पोक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) ई-बॉक्स ही ऑनलाइन तक्रारपेटी, या तिन्ही सेवा स्वयंसेवी गटाच्या नजरेतून इथे तपासल्या आहेत. तारे पाचपैकी.

चारित्र्य पडताळणी: अडीच तारे

महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइन होतो आणि तो ज्याचं प्रमाणपत्र त्यानेच करायचा असतो. फोटो, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, वयाचा पुरावा आणि ज्या संस्थेसाठी प्रमाणपत्र हवं तिचं लेटरहेडवरचं मागणीपत्र, एवढी कागदपत्रं लागतात. अर्ज आयुक्तालयाकडे किंवा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे जातो, तिथून राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडे. ठाण्यात मूळ कागदपत्रं घेऊन बोलावणं येऊ शकतं. मग नोंदी पाहून शेरा, आणि प्रमाणपत्र.

गाडी बहुधा मागणीपत्रापाशीच अडते. नोंदणी नसलेल्या ग्रुपला लेटरहेडच नसतं, किंवा असलं तरी त्यावर अध्यक्षांचा जुना पत्ता असतो. पत्रात ‘आमच्या संस्थेचे सदस्य आहेत’ एवढंच लिहू नका. ‘१० ते १५ वयोगटातील मुलांच्या निवासी शिबिरात स्वयंसेवक म्हणून’ असा स्पष्ट उद्देश लिहा, तारखा घाला, सही करणाऱ्याचं पद आणि फोन द्या. दुसरी अडचण भाड्याच्या घरात राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांची. आधार लातूरचं, मुक्काम पुण्यात, भाडेकरार दुसऱ्याच्या नावावर. अशा अर्जाचा पत्त्यावरून खोळंबा होतो. म्हणून शिबिराच्या निदान दोन महिने आधी अर्ज टाका. गणपती, निवडणुका असा बंदोबस्ताचा हंगाम मध्ये आला तर आणखी आधी. पथकांची गोची नेमकी इथेच होते. त्यांचा सराव आणि पोलिसांची धावपळ एकाच वेळी सुरू होते.

हातात येणारा कागद सांगतो काय? या व्यक्तीविरुद्ध पोलिसांच्या अभिलेखावर अमुक तारखेपर्यंत गुन्हा दिसत नाही, इतकंच. ज्याची तक्रारच झाली नाही ते त्यात येणार नाही. मागच्या संस्थेने ‘उगाच बदनामी नको’ म्हणून ज्याला गपचूप बाहेरचा रस्ता दाखवला, तोही इथे स्वच्छ निघतो. मुलांशी संबंधित प्रकरणांत खरा धोका याच माणसाचा असतो, कारण तो एक गट सोडून दुसऱ्या गटात जातो आणि जाताना अनुभवी कार्यकर्ता म्हणून जातो.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीपेढी आहे, मग तिथे पाहता येत नाही का, असं पालक हमखास विचारतात. ती २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि सुरुवातीलाच तिच्यात ४ लाखांहून जास्त नोंदी होत्या. पण ती फक्त तपास यंत्रणांसाठी खुली आहे. संस्थेला किंवा पालकाला तिथे नाव टाकून शोध घेता येत नाही. ब्रिटनमध्ये संस्था डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी, मागवते, ती स्वयंसेवकांसाठी मोफत असते, आणि मुलांसोबत काम करायला बंदी घातलेल्यांची यादीही तीत पाहिली जाते. आपल्याकडे तशी बंदीची यादी नाही. अडीच तारे आहेत ते यामुळे; पोलीस ठाण्याचा त्यात दोष नाही.

पोक्सो नियम २०२० मधला नियम ३ इथे कामाचा आहे. मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करावी, त्यांना बालसुरक्षेचं प्रशिक्षण द्यावं, असं तो सांगतो. शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी यांची नावं त्यात आहेत. शब्द ‘कर्मचारी’ असा आहे. त्यावर बोट ठेवून ‘आमच्याकडे पगारी कुणीच नाही, आम्हाला हे लागू नाही’ म्हणणारे कार्यकारी मंडळांत भेटतात. मुलाच्या दृष्टीने तंबूतल्या दादाला पगार मिळतो की नाही याने काडीचाही फरक पडत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनेही फार पडत नाही. मुलांना सेवा देणाऱ्या संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा विश्वासाच्या, अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने केलेला गुन्हा पोक्सो अधिक गंभीर धरतो. तिथे पगाराची अट नाही.

तर प्रमाणपत्र काढा, पण त्याच्या जोडीला फोनवरची दोन माणसं ठेवा. नवा स्वयंसेवक आधी जिथे काम करत होता तिथल्या प्रमुखाला फोन लावायचा. ‘मुलगा कसा आहे?’ असं विचारलंत तर ‘चांगला आहे’ हेच उत्तर येणार. प्रश्न असा हवा: ‘त्याने तुमचं काम का सोडलं? पुन्हा आला तर मुलांच्या मुक्कामी शिबिराला घ्याल का?’ समोरचा दोन सेकंद थांबला, तर ते दोन सेकंद लक्षात ठेवा. मागच्या ५ वर्षांतले सगळे पत्ते अर्जात मागा. शहर बदललेलं असेल तर तिकडचंही प्रमाणपत्र मागता येतं. पहिले ६ महिने नव्या माणसाला मुक्कामाची जबाबदारी नको.

एक नेहमीचा घोळ: सगळ्यांची आधारकार्डं आणि प्रमाणपत्रं आयोजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेली असतात. ती एका माणसाकडे, कुलपात किंवा पासवर्डमागे ठेवा आणि ग्रुपवरून काढून टाका.

१०९८: चार तारे

या तिघांत खरी कामाची सेवा ही. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून जेरू बिलिमोरिया यांनी ती सुरू केली, रस्त्यावरच्या मुलांसाठी. ‘दस नौ आठ’ असा उतरता आकडा अक्षरओळख नसलेल्या पोरालाही तोंडपाठ होतो. तो बदलू नये इतका चांगला आहे, आणि सुदैवाने बदललेला नाही. बदलली ती व्यवस्था. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली २०२३ पासून ही हेल्पलाइन स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्याकडून राज्यांच्या महिला व बालविकास विभागाकडे आली आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडली गेली. फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो, तिथून जिल्ह्यातल्या पथकाकडे जातो. २४ तास सुरू, फुकट, मोबाइलमध्ये बॅलन्स नसला तरी लागतो.

या बदलाचा फायदा उघड आहे, तातडीच्या वेळी पोलीस एका जोडणीवर आहेत. तोटा असा, की पोलिसांचं नाव ऐकून मागे हटणारं मूल फोन ठेवून देऊ शकतं. म्हणून मुलांना सांगताना ‘पोलिसांचा नंबर’ म्हणू नका. ‘मुलांसाठीचा नंबर’ म्हणा.

आयोजकाने फोन करायचा तर पहिलं वाक्य आडवळणाचं नको. ‘सर, आमच्याकडे एक जरा नाजूक विषय झालाय’ यात अर्धा मिनिट जातो आणि पलीकडच्याला काहीच कळत नाही. असं बोला:

‘मी अमुक जिल्ह्यातल्या, अमुक तालुक्यातल्या शिबिरातून बोलतेय. १२ वर्षांच्या मुलाने मोठ्या व्यक्तीकडून लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलंय. मूल आत्ता माझ्याजवळ, सुरक्षित आहे. ती व्यक्ती शिबिरातच आहे, पण मुलापासून दूर ठेवलीय. आईवडील दुसऱ्या जिल्ह्यात आहेत. डॉक्टरची गरज वाटतेय.’

जिल्हा आणि तालुका आधी, कारण काम त्यावरूनच पुढे सोपवलं जातं. रिसॉर्टचं नाव सांगून काही होत नाही. जवळचं गाव आणि पोलीस ठाणं सांगा. फोन कोणी घेतला, किती वाजता, काय सांगितलं हे वहीत लिहा.

एक तारा कापला तो सेवेच्या मर्यादेसाठी. १०९८ ला कळवलं म्हणजे कायद्याचं काम झालं असं नाही. पोक्सो कायद्याचं कलम १९ म्हणतं की गुन्हा झाल्याची माहिती किंवा होईल अशी भीती असलेल्या कोणीही ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायची. आधी खात्री करा असं त्यात नाही, भीती पुरते. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसला तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंडही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही, आणि न कळवल्याची शिक्षा १८ खालच्यांना लागू नाही. १६ वर्षांच्या उपदलनायकाच्या डोक्यावर हे ओझं टाकू नका. तो कायद्याने अजून मूलच आहे, आणि मुलांच्या यादीत त्याचंही नाव हवं.

पोलीस ठाण्यात गेल्यावर माहिती लिहून घेतली जाते, ती वाचून दाखवली जाते आणि तिला नोंद क्रमांक मिळतो. तो क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. ‘मुलं पुण्याची, शिबिर अहिल्यानगर जिल्ह्यात, हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर मान्य करायचं कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवावी लागते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय घ्यायचा आहे. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं.

दवाखान्यासाठी एफआयआरची वाट पाहू नका. तक्रार नोंदली नसली तरी तपासणी करता येते, आणि तातडीच्या उपचारांआधी कागदपत्रांची अट घालता येत नाही. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. अंगावरचे कपडे धुऊ नका. बदलले असतील तर कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. मुलाने आंघोळ केली असली तरीही न्या.

यात बिघडतं ते फोनच्या आधीच. मूल बहुधा अवेळी बोलतं: भांडी घासताना, परतीच्या बसमध्ये, टॉर्च विझल्यावर. ‘ताई, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही हं.’ इथे ‘नाही सांगणार, शपथ’ म्हटलं की ताई फसली. खरं उत्तर: ‘सांग. पण तुला कुणी त्रास देत असेल, तर तो थांबवायला मला एकदोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल. बाकी कुणाला नाही सांगणार.’ मग ऐकायचं. ‘तू ओरडला का नाहीस?’ हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये. ‘मग काय झालं?’ एवढंच पुरे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, १५ मिनिटांच्या आत वहीत उतरवायचे. ‘लैंगिक अत्याचार केला’ असं सभ्य भाषांतर करायचं नाही. मूल ‘शूच्या जागी’ म्हणालं असेल तर वहीत तेच हवं.

यानंतर कार्यकारी मंडळ जमतं आणि गाडी रुळावरून उतरते. मुलाला पुन्हा बोलावून सगळ्यांसमोर विचारतात. त्या दादाला समोर उभं करतात. ‘आधी आपण आपली चौकशी करू’ म्हणून तीन दिवस जातात, तोवर मोबाइलमधले मेसेज पुसले जातात आणि मुलाला गप्प बसवलं जातं. चौकशी हे गटाचं कामच नव्हे. त्या व्यक्तीला मुलांपासून दूर करायचं, तिच्याशी वाद घालायचा नाही, आणि कळवायचं. आरोप शेजारच्या तंबूतल्या १५ वर्षांच्या मुलावर असेल तरी कळवायचंच. त्याचं पुढचं बाल न्याय मंडळ पाहील. मुलाचं नाव, शाळा, फोटो, गल्ली यांतलं काहीही ग्रुपवर टाकायचं नाही. ओळख उघड होऊ न देण्याचं बंधन कायद्यानेच घातलेलं आहे.

पोक्सो ई-बॉक्स: दोन तारे

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने ऑगस्ट २०१६ मध्ये ही ऑनलाइन तक्रारपेटी आणली. कल्पना छान आहे. आयोगाच्या संकेतस्थळावर बटण दाबायचं, ‘यात तुझी चूक नाही’ असं सांगणारी छोटी चित्रफीत येते, पुढे चित्रांतून आपल्याशी जुळणारं चित्र निवडायचं, मग नाव, फोन, काय झालं ते लिहून पाठवायचं. लगेच तक्रार क्रमांक मिळतो. जे तोंडाने सांगता येत नाही ते बोटाने दाखवता यावं, हा विचार ज्याने केला त्याला मुलं कळतात.

पण शिबिरातल्या मुलाकडे फोन नसतो. असलाच तर तो ताईने पहिल्याच दिवशी जमा करून घेतलेला असतो. तक्रार दिल्लीला जाते आणि मूल आहे दादाच्या शेजारच्या अंथरुणावर. घरी परतल्यावर, महिन्याभराने, मोठ्या बहिणीच्या मदतीने तक्रार करायला ही पेटी ठीक आहे. आयोजकाने तिचा आधार घेऊन ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणू नये. कलम १९ तिथेही पोलिसांचंच नाव घेतं.

फुकटातली चौथी गोष्ट

तिन्ही सेवांची गोळाबेरीज केली तरी तंबूच्या आत काय चालतं त्यावर लक्ष ठेवायला कुणी सरकारी माणूस येत नाही. ब्रिटनच्या स्काउट असोसिएशनने यासाठी खिशात मावणारं पिवळं कार्ड काढलंय. प्रत्येक प्रौढाने काय करायचं, काय नाही, आणि शंका आली तर कुठे कळवायचं, सगळं त्या कार्डावर. छापायला तुमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला पुरे. मराठीत ते असं काहीसं होईल: मुलासोबत एकटं बसायचं तर दार उघडं आणि दुसऱ्याच्या नजरेत. प्रौढांचा तंबू वेगळा, मुलांचा वेगळा. रात्री कुणाला उठवायचं तर दोन मोठी माणसं जाणार. आंघोळीच्या वेळा वेगळ्या, न्हाणीघरात मोबाइल कुणाचाच नाही. मुलाला खासगी मेसेज नाही. ग्रुपवर पालक किंवा दुसरी ताई हवीच. एकट्या मुलाला बाइकवर सोडायला जायचं नाही.

हे शेवटचं आपल्याकडे सगळ्यांत आधी मोडतं. सराव रात्री १० ला संपतो, बस गेलेली असते, आणि दादा मोठ्या मनाने म्हणतो, ‘चल, सोडतो.’ बहुतेक वेळा तो खरंच मोठ्या मनाचा असतो. नियम त्याच्यावर अविश्वास दाखवायला नाही, त्याच्यासारखंच बोलणाऱ्या दुसऱ्यासाठी आहे. सराव पावणेनऊला संपवा, हा प्रश्न उरतच नाही.

माणसं किती हवीत, याला तिकडच्या स्काउट्सचं बाहेरच्या उपक्रमांचं प्रमाण अंदाजाला घेता येतं. ६ ते ८ वयात ६ मुलांमागे १ प्रौढ, ८ ते साडेदहा वयात ८ मागे १, त्यापुढे १४ पर्यंत १२ मागे १, आणि प्रमुख याहून वेगळा. ४० मुलांच्या शिबिराला ३ दादा आणि स्वयंपाकाच्या मावशी, हे गणित यात बसत नाही. १७ वर्षांचे मदतनीस यात प्रौढ म्हणून मोजायचे नाहीत.

अमेरिकेच्या बॉय स्काउट्सकडे अपात्र स्वयंसेवकांच्या फायली अनेक दशकं होत्या. फायली होत्या, पण पोलिसांना मात्र अनेकदा कळवलंच गेलं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली, ८२ हजारांहून जास्त दावे आले आणि भरपाईचा आकडा २४६ कोटी डॉलरवर गेला. आपल्याकडे फायलीही नसतात, तोंडी कुजबुज असते: ‘त्याला मुलांच्या तुकडीला नको देऊ.’ म्हणजे कळलेलं असतंच.

खर्च म्हणाल तर पडताळणीचं शुल्क आणि छपाई. १०९८ आणि ई-बॉक्सला पैसा लागत नाही.

आणि जागा पाहायला जाल तेव्हा पाण्याबरोबर रेंजही बघा. सह्याद्रीत बऱ्याच पायथ्याच्या गावांत एकाच कंपनीची रेंज येते, तीही देवळाच्या ओट्यावर किंवा खिंडीच्या तोंडाशी. ती जागा कुठली, रात्री तिथवर कोण जाणार, गाडीची किल्ली कुणाकडे, जवळचं पोलीस ठाणं आणि ग्रामीण रुग्णालय किती किलोमीटर, हे कागदावर लिहून तो स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवा. त्याखाली मोठ्या अक्षरांत १०९८ आणि ११२. मुलांच्या न्हाणीघराच्या आतल्या बाजूलाही एक कागद लावा. तिथे मूल एकटं असतं आणि नंबर वाचताना त्याला कुणी बघत नाही.